खतावणी कोणाच्या हाती?

बुलढाणा जिल्ह्यातील पदवीधर तरुणासमोर आज दोन उपदेशक उभे आहेत. एक म्हणतो, नोकरी मागू नकोस, नोकरी देणारा हो. दुसरा म्हणतो, नफा, धंदा, व्यवस्थापन ही भांडवलदारांची विद्या; श्रमिकाच्या मुलाने तिच्या नादी लागू नये. पहिला उपदेश शासनाच्या जाहिरातींतून आणि महाविद्यालयांतल्या व्याख्यानांतून ऐकू येतो. दुसरा उघडपणे क्वचितच बोलला जातो. परंतु परिवर्तनवादी चळवळीच्या वागणुकीतून तो अनेक वर्षे व्यक्त होत आला आहे. दोन्ही उपदेश चुकीचे आहेत आणि दोहोंचा परिणाम एकच होतो. हिशेबाची वही शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घराबाहेर राहते.

पहिल्या उपदेशातील फसवणूक ओळखणे अवघड नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर-जळगाव जामोदपासून लोणार-सिंदखेडराजापर्यंत पसरलेला हा तेरा तालुक्यांचा जिल्हा सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा यांवर जगतो. खामगाव-मलकापूरच्या औद्योगिक वसाहती, सरकी काढणारे कारखाने, दालमिल आणि तेलगिरण्या सोडल्या, तर शिकलेल्या हातांना सामावून घेईल असा उद्योग फारसा नाही. राज्य शासनाने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन देऊन सहा महिन्यांसाठी कार्यालयांत पाठविले, पुढे ही मुदत पाच महिन्यांनी वाढविली आणि मग त्यांना घरचा रस्ता दाखविला. अशा परिस्थितीत प्रत्येकाने उद्योजक व्हावे असे सांगणे म्हणजे रोजगार निर्माण करण्याची राज्यसंस्थेची जबाबदारी बेरोजगाराच्याच माथी मारणे होय. व्यवसाय बुडाला की दोष त्याच्या कौशल्याचा, धोरणाचा मात्र कधीच नाही!

दुसरा उपदेश अधिक धोक्याचा आहे, कारण तो ध्येयवादाच्या वेषात येतो. वस्तुतः जोतीराव फुल्यांचा वारसा सांगणाऱ्यांना हिशेबाचा तिटकारा असण्याचे काहीच कारण नाही. जोतीराव स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांचा जो अभ्यासक्रम सुचविला, त्यात मोडी आणि बाळबोध लेखन-वाचनाच्या बरोबरीने जमाखर्चाला स्थान होते आणि शेतीचे प्राथमिक ज्ञानही होते. सावकाराचे आणि कारकुनाचे सामर्थ्य त्यांच्या लेखणीत आहे, आणि ज्याला स्वतःच्या नावावरचा आकडा वाचता येत नाही त्याची सुटका कायद्यानेही होत नाही, हे त्यांनी पुरते जाणले होते. व्यवस्थापन शिकण्याची मागणी त्या अर्थाने नवी नाही. मधल्या काळात ती विसरली गेली एवढेच.

हिशेबाची सत्ता

ज्याच्या हाती माहिती आणि खतावणी त्याच्या हाती बाजार, हा धडा या जिल्ह्याने फार पूर्वी गिरविला आहे. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा सुरू केला. लोहमार्गामागोमाग तारायंत्र आले आणि वऱ्हाडातील हे कापसाचे गाव इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या बाजाराशी जोडले गेले. गाठी बांधणाऱ्या व्यापाऱ्याला दूरच्या बाजारातील भाव कळू लागला. तो त्यावरून खरेदी ठरवू लागला, पैसा कधी गुंतवावा आणि माल कधी रोखावा याचे आडाखे बांधू लागला. गाडीभर कापूस घेऊन पहाटे बाजारात उभा राहणाऱ्या कुणब्याला मात्र हर्रासात पुकारला गेलेला आकडा तेवढा ऐकू येई. दोघांच्या कष्टात जमीन-अस्मानाचे अंतर होते. परंतु उत्पन्न ठरविणारे अंतर माहितीचे आणि हिशेबाचे होते.

स्वातंत्र्यानंतर ही तफावत मोडण्याचे प्रयत्न झाले. महाराष्ट्राची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासून सुमारे तीन दशके चालली. व्यापाऱ्याच्या मर्जीतून शेतकऱ्याला सोडविण्याचा तिचा हेतू निःसंशय पुरोगामी होता. तथापि हेतू चांगला असला म्हणून प्रतवारी आपोआप चोख होत नाही, चुकारे वेळेवर मिळत नाहीत आणि साठलेला तोटाही भरून निघत नाही. योजना मोडीत निघावी अशी इच्छा असणारे हितसंबंध होतेच. पण त्यांच्या हाती कोलीत दिले ते ढिसाळ कारभाराने. योजनेसाठी मोर्चे काढणारे हजारो होते. तिचा ताळेबंद वाचून वेळीच धोक्याची घंटा वाजविणारे किती होते, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

त्यानंतरचा अनुभव तर अधिक जवळचा. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने विदर्भातील नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना नव्या ठेवी स्वीकारण्यास मनाई केली. शेतकऱ्याची बँक म्हणून जिच्याकडे पाहिले जाई, तीच ऐन पेरणीच्या तोंडावर अडली, आणि पुढे शासनाच्या अर्थसाहाय्यानंतर तिची गाडी रुळावर आणावी लागली. अशा बँकेच्या अडचणी एका रात्रीत उद्भवत नाहीत. थकबाकी, भांडवलाची पर्याप्तता, बुडीत कर्जासाठीची तरतूद हे सारे आकडे वर्षानुवर्षे अहवालांत छापले जात असतात. सभासद मात्र वार्षिक सभेत हात वर करून अहवाल मंजूर करतो आणि चहा घेऊन घरी जातो. त्याच बुलढाण्यात १९८६ साली स्थापन झालेली एक नागरी सहकारी पतसंस्था गोदामातील शेतमालाच्या तारणावर कर्जे देत अनेक राज्यांत पसरली. आकाराने मोठी झालेली संस्था लोकशाहीवादीच असते असे मुळीच नाही. पण जिल्ह्याच्या मातीतच सहकार रुजत नाही, हा आक्षेप या उदाहरणापुढे टिकत नाही.

शंभर क्विंटलचे गणित

व्यवस्थापनाची मूलभूत कौशल्ये म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी परदेशी कंपन्यांच्या चकचकीत कथा वाचण्याची गरज नाही. चिखली किंवा मेहकर तालुक्यातील शेतकऱ्यांच्या एखाद्या गटाने दिवाळीच्या सुमारास शंभर क्विंटल सोयाबीन जमा केले असे समजावे. बाजारात भाव ४,००० रुपये आहे. पुढे भाव वाढेल अशी सर्वांची अपेक्षा आहे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्के रक्कम ६ टक्के व्याजाने मिळू शकते. माल ठेवावा की विकावा?

हिशेब असा मांडावा लागेल. मालाची किंमत ४ लाख रुपये. त्यावर ३ लाखांचे कर्ज. चार महिन्यांचे व्याज ६,००० रुपये. गोदामभाडे, हमाली इत्यादींसाठी आणखी ४,००० रुपये धरले, तर खर्च १०,००० रुपये होतो. म्हणजे भाव शंभर रुपयांनी वाढला की पैसे वसूल, असे वरवर वाटते. पण जमा करताना सोयाबीनमध्ये १४ टक्के ओलावा असेल आणि चार महिन्यांत तो १० टक्क्यांवर आला, तर शंभर क्विंटलचे साधारण साडेपंच्याण्णव क्विंटल उरतात. ही घट धरली, की नुसती तोंडमिळवणी होण्यासाठीच भाव ४,२९० च्या आसपास जावा लागतो. भाव दोनशे रुपयांनी वाढून ४,२०० झाला तरी गटाला साडेआठ हजारांहून अधिक फटका बसतो, आणि तरीही बैठकीत ‘दोनशेने फायदा झाला’ असे सांगणारा कोणीतरी असतोच! अर्थात ओल्या मालाला व्यापारी कट्टी लावतो आणि कोरड्या मालाला चढा भाव मिळू शकतो. तोही आकडा हिशेबात घ्यावाच लागेल. मुद्दा एवढाच की निर्णय अंदाजाने न घेता कागदावर मांडून घ्यावा. व्याज, घट, साठवणूक, जोखीम आणि काळ यांचा एकत्र विचार करणे, हेच व्यवस्थापनशास्त्राचे पहिले पान आहे.

याच ठिकाणी मर्यादाही सांगितली पाहिजे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर केला, तरी बाजारातील भाव बराच काळ त्याखालीच रेंगाळले. पुढच्या हंगामासाठी तो ५,३२८ रुपये ठरला. हमीभाव आणि बाजारभाव यांतील ही दरी कोणत्याही पदवीधराच्या कौशल्याने बुजणारी नाही. ती आयात धोरणाची, खरेदी केंद्रांची आणि राजकीय इच्छाशक्तीची बाब आहे, आणि तिच्यासाठी रस्त्यावरच उतरावे लागेल. पण रस्त्यावर उतरणाऱ्यांच्या हाती उत्पादनखर्चाचा आणि साठवणुकीचा पक्का हिशेब असेल, तर सरकारला उत्तर टाळणे जड जाते.

कंपनी शेतकऱ्यांची, व्यवस्थापक कोणाचा?

आज हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे, तो शेतकरी उत्पादक कंपन्यांमुळे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनी हा नवा प्रकार अस्तित्वात आला. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन ती स्थापन करू शकतात. व्यक्ती-सभासदांच्या कंपनीत भागभांडवल कितीही असो, प्रत्येकाला मत एकच असते. आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणे बंधनकारक असते. नाव कंपनीचे, आत्मा सहकाराचा, असा हा संकर आहे. देशात अशा सर्वाधिक कंपन्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील अनेक केवळ कागदावर आहेत, हेही उघड गुपित आहे.

केंद्राने २०२० साली दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना जाहीर केली. तीत सपाट प्रदेशातील संघटनेसाठी किमान तीनशे सभासदांची अट होती आणि तीन वर्षांसाठी जास्तीत जास्त १८ लाख रुपयांचे व्यवस्थापन साहाय्य होते. त्यातून व्यवस्थापकाला दरमहा २५,००० आणि हिशेबनीसाला १०,००० रुपयांपर्यंत वेतन देता येते. तीन वर्षांनंतर काय? दोघांचे वेतन दरसाल ४ लाख २० हजार रुपये होते. कंपनीला सोयाबीनच्या व्यवहारात सर्व खर्च वजा जाता क्विंटलमागे ८० रुपये सुटतात असे मानले, तर केवळ हे वेतन भागविण्यासाठी ५,२५० क्विंटल मालाची उलाढाल करावी लागेल. तीनशे सभासदांत वाटले तर प्रत्येकी साडेसतरा क्विंटल. सभासद आपला माल कंपनीला न देता गावातल्या व्यापाऱ्याला देत राहिले, तर कंपनीचे दिवस भरलेच. सभासदांची निष्ठा ही बाब नैतिक आहे तशीच आकड्यांचीही आहे, हे या साध्या भागाकारातून दिसते.

त्याहून घातक खड्डा खेळत्या भांडवलाचा. कंपनीने आठवड्याला पाचशे क्विंटल माल ४,००० रुपयांनी घेतला आणि सभासदांना रोख पैसे दिले, तर आठवड्याला २० लाख रुपये लागतात. तेलगिरणीने पैसे चार आठवड्यांनी दिले, तर ८० लाख रुपये अडकून पडतात. तीनशे सभासदांनी प्रत्येकी हजार रुपये भागभांडवल दिले असेल तर गल्ल्यात आहेत अवघे ३ लाख! कागदावर नफा दिसत असताना संस्था मरते ती अशी. आणि मग कंपनीचे संचालक ज्याच्याविरुद्ध कंपनी काढली त्याच व्यापाऱ्याकडे उसनवारीला जातात, व तो अटी घालून पैसे देतो. शोषणाची जुनी साखळी नव्या नावाने पुन्हा जोडली जाते.

करारांचीही तीच कथा. देऊळगावराजा आणि सिंदखेडराजा या तालुक्यांत शेडनेटमध्ये भाजीपाल्याच्या बियाण्याचे उत्पादन घेणारे शेतकरी आहेत. मूळ बियाणे कंपनी देते. सांगाडा, जाळी, पाणी आणि परागीकरणाची मजुरी शेतकऱ्याची. आणि तयार बियाणे उगवणशक्तीच्या व शुद्धतेच्या चाचणीत उतरले तरच पैसे. चाचणी कोण करणार, नमुना कोणासमोर काढणार, माल नाकारला तर दाद कोठे मागणार, पैसे किती दिवसांत मिळणार, हे प्रश्न कराराच्या बारीक अक्षरांत असतात. गावातील पदवीधराने तो कागद सही होण्यापूर्वी वाचून समजावून दिला, तर एका हंगामाची कमाई वाचू शकते. घरात वाणिज्य शाखेची पदवी आहे आणि कराराचा कागद मात्र न वाचता घडी घालून ठेवलेला आहे, ही विसंगती शिक्षणव्यवस्थेने गंभीरपणे घ्यावयास हवी.

शिकवायचे काय आणि कोठे?

जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला चार श्रेयांक ठेवले गेले. त्या धोरणाबद्दल समाजवाद्यांचे अनेक आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. परंतु उघडलेल्या दारातून आत जाण्यास हरकत नसावी. हे प्रशिक्षण एखाद्या दुकानाचे प्रमाणपत्र आणून उरकले जाण्याऐवजी उत्पादक कंपनी, सेवा सहकारी सोसायटी, बचत गटांचा प्रभागसंघ किंवा बाजार समिती येथे का होऊ नये? विद्यार्थ्याने तेथे रोजमेळ लिहावा, मालसाठा मोजून वहीशी पडताळावा, यंत्राचा घसारा काढावा, तीन महिन्यांच्या आवक-जावक पैशाचा अंदाज मांडावा आणि सरतेशेवटी ताळेबंद सभासदांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावा. शेवटची परीक्षा सर्वांत कठीण आहे. जो हिशेब सभासदाला सांगता येत नाही, तो हिशेब लोकशाहीच्या कामाचा नाही.

असे शिक्षण अशक्य नाही, याची साक्ष इतिहास देतो. स्पेनच्या बास्क प्रदेशात मोंद्रागोन या गावी अरिस्मेंदियारिएता या धर्मगुरूने १९४३ साली तंत्रशाळा काढली. तेथे शिकलेल्या पाच तरुणांनी १९५६ मध्ये कामगारांच्या मालकीचा पहिला कारखाना उभारला, आणि १९५९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या बँकेने नव्या सहकारी संस्थांना कर्जाबरोबर व्यवस्थापनाचे मार्गदर्शनही दिले. त्याच समूहातील गृहोपयोगी उपकरणांची मोठी संस्था २०१३ साली दिवाळखोरीत गेली, हेही विसरू नये. मालकी कामगारांची असली तरी बाजार चुकांना क्षमा करीत नाही. भारतात वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था स्थापन केली, ती दूध उत्पादकांच्या सहकाराला लागणारे पदवीधर घडविण्यासाठीच. २०२५ साली संसदेने कायदा करून तिचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठात रूपांतर केले. पण आणंदला शिकलेला तरुण संग्रामपूरच्या तीनशे सभासदांच्या कंपनीत २५,००० रुपयांवर येऊन राहील, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. जिल्ह्याच्या संस्थांना जिल्ह्यातच घडलेले व्यवस्थापक लागतील.

या कामी सर्वांत उपयुक्त अनुभव महिलांकडे आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि नेटके लेखे ही बचत गटांची पंचसूत्री. जेमतेम शाळा शिकलेल्या हजारो स्त्रियांनी ती अंगी बाणवली. दहा जणींसमोर आकडे मोठ्याने वाचण्याची शिस्त पाळली. मोठमोठ्या सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांना जी पारदर्शकता साधली नाही, ती कित्येक गटांनी सतरंजीवर बसून साधली आहे. या मायमाऊल्यांच्या पदवीधर लेकी जेव्हा उत्पादक कंपन्यांच्या हिशेबनीस आणि व्यवस्थापक होतील, तेव्हा ग्रामीण अर्थकारणातील पुरुषी आणि जातीय मक्तेदारीलाही तडा जाईल. भूमिहीनांचा आणि मजुरांचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटणार नाही. उत्पादक कंपनी ही मूलतः जमीनधारकांची संस्था आहे. तिच्या गोदामातील हमालाची, छाननी करणाऱ्या बाईची मजुरी खर्चाच्या कोणत्या ओळीत आणि किती दराने मांडली जाते, हे पाहणारी नजर त्या व्यवस्थापकाला नसेल, तर तो खाजगी मुनिमाहून वेगळा ठरणार नाही.

डॉ. राममनोहर लोहियांनी कार्यकर्त्याला फावडे, तुरुंग आणि मत ही त्रिसूत्री दिली: विधायक काम, संघर्ष आणि निवडणूक. फावड्याच्या कामात खतावणीचाही समावेश होतो, हे आता मान्य करावयास हवे. विद्यापीठाने सहकारी आणि उत्पादक संस्थांना कार्यप्रशिक्षणाची केंद्रे म्हणून मान्यता द्यावी. शासनाने व्यवस्थापकाच्या वेतनाचे साहाय्य तीन वर्षांवर न थांबविता उलाढालीशी निगडित करून पुढे चालू ठेवावे. आणि खेळत्या भांडवलासाठी जिल्हा बँकेने उत्पादक संस्थांना हंगामी पतमर्यादा द्यावी, या मागण्यांसाठी विद्यार्थी आणि शेतकरी संघटनांनी एकत्र आले पाहिजे.

मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात, आणि संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब पाहण्याचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ ने प्रत्येक सभासदाला दिलेला आहे. प्रत्येक तालुक्यातील चार-दोन पदवीधर कार्यकर्त्यांनी सभेपूर्वी आपल्या सोसायटीचा अहवाल मागवावा, गावातील पाच-पंचवीस सभासदांना एकत्र बसवून तो ओळीने वाचावा आणि सभेत विचारावयाचे तीन प्रश्न लिहून काढावेत. तेवढे झाले, तरी यंदाच्या सभेत हात वर होण्यापूर्वी कोणीतरी पान उलटून पाहील.